येळवशीचं बोलावणं

लातूर

लातूरच्या स्टेशनबाहेर आले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं आणि शहरात माणूस नव्हता. ही बोलायची पद्धत नव्हे. रिक्षाथांब्यावर रिक्षा नव्हत्या, चहाच्या टपरीवर ताडपत्री बांधलेली होती, औषधाच्या दुकानाचंसुद्धा शटर खाली होतं. चौकातला सिग्नल लाल होत होता, हिरवा होत होता, आणि त्याच्याखालून एक कुत्रं सावकाश रस्ता ओलांडत होतं. मला वाटलं, संचारबंदी लागली. काहीतरी झालंय आणि चिपळूणहून इथवर येईपर्यंत ते मला एकटीलाच कळलेलं नाही.

टपरीच्या बाकावर बसले आणि पिशवीतला लाडू काढला. घाबरले की मला भूक लागते, याला इलाज नाही. दोन घास खाल्ले असतील तोच मागून कोणीतरी म्हणालं, "आज चहा मिळायचा न्हाई, मॅडम. येळवस हाय. सगळं लातूर रानात गेलंय."

मरून रंगाचा हातविणीचा स्वेटर घातलेला, पन्नाशीच्या आतबाहेरचा गृहस्थ होता. चेहरा असा की बँकेत पाहिला असता तर विश्वासाने पैसे हातात दिले असते. त्याने मला येळवस समजावून सांगितली. वेळ अमावस्या. त्या दिवशी इकडची झाडून सगळी माणसं शेतात जाऊन जेवतात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. रस्त्याने जो दिसेल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं, ओळख असो वा नसो. आमच्याकडे शिमग्याला चाकरमानी येतात आणि गाव भरून जातं. सणाला शहर रिकामं होतं हे मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही.

"तुमाला न्यायला जीप येईल की," तो म्हणाला. "तवर बसूनच ऱ्हावा. उजव्या गुडघ्यावर भार देऊ नका."

मी बसलेली होते. मी त्याच्यासमोर एक पाऊलही चालले नव्हते. उजवा गुडघा दुखतो हे मी फक्त एका माणसाला सांगितलं होतं, आदल्या दिवशी, फोनवर. मान वळवून काही विचारावं म्हटलं तर तो मोटरसायकलला किक मारत होता. जाताना त्याने हात जोडून नमस्कार केला.

ज्याच्याशी मी फोनवर बोलले होते तो गंगाधर. आमच्याकडे पूर आला होता तेव्हा चिखल उपसायला कुठून कुठून माणसं आली, त्यांत हा मराठवाड्याचा गडी होता. माझ्या घरात गुडघाभर गाळ होता. तो याने आणि याच्या सोबत्यांनी काढला आणि पंधरवडाभर ते माझ्याच ओटीवर झोपले. भात खाऊन पोट भरत नाही अशी हा तक्रार करायचा, म्हणून मी त्याच्यासाठी ज्वारी शोधत फिरले होते. तेव्हापासून दर दिवाळीला फोन. या वर्षी फोनवर म्हणाला, "ताई, येळवशीला या. मी तडीपार झालोय, त्यामुळं निवांत हाय."

तडीपार हा शब्द मी आजवर गुंडांच्या बातम्यांतच वाचला होता. गंगाधरने केलं होतं ते असं. कंधार तालुक्यातल्या त्याच्या गावाला गायरान आहे, आणि गावातली बिनजमिनीची घरं आजोबांच्या काळापासून ते कसून खातात. ते गायरान सौरऊर्जेच्या कंपनीला द्यायचं ठरलं. गंगाधरने त्या घरांना एकत्र केलं. बाया पीठ, परात आणि चुली घेऊन कचेरीपुढे बसल्या, भाकऱ्या थापल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला खायला घातल्या. काच फुटली नाही की दगड उचलला गेला नाही. मग केस झाल्या, आणि मग हुकूम आला की या माणसाने वर्षभर नांदेड जिल्ह्यात पाऊल ठेवायचं नाही. हुकमात लिहिलं होतं की गाव त्याच्या दहशतीखाली आहे, दोन साक्षीदारांनी तसं सांगितलंय, पण त्याच्या भीतीमुळे त्यांची नावं उघड करता येत नाहीत. साक्षीदार अ आणि साक्षीदार ब.

ओढा

मला न्यायला मल्लिनाथ आले. त्यांचं रान लातूर जिल्ह्यात, अहमदपूरच्या पुढे, आणि तिथल्याच एका शेडमध्ये गंगाधर राहत होता. "शरणार्थी, ताई," असा इकडचा नमस्कार करून त्यांनी माझी पिशवी उचलली. वाटेत बोलायची सोयच नव्हती. दर शेताजवळ माणसं रस्त्यावर येऊन हात करत होती, जेवून जा म्हणून गाडी अडवत होती. शहरात चिटपाखरू नाही आणि रानात जत्रा. तुरीच्या, करडईच्या मधून कडब्याच्या खोपी दिसत होत्या. मागे आरशात एक मोटरसायकल दिसत होती. आम्ही थांबलो की थांबायची.

"तो रोजच असतो," मल्लिनाथ म्हणाले.

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. जिल्ह्याची हद्द फळ्यावर तुटक रेषेने काढायची, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत. इथली हद्द म्हणजे घोट्याएवढ्या पाण्याचा ओढा होता. अलीकडे लातूर, पलीकडे नांदेड. अलीकडच्या काठावर गंगाधर उभा होता, केस पांढरे झालेला, हडकलेला. पलीकडच्या काठावर घोंगडं अंथरून त्याची म्हातारी आई बसली होती. तिला दगडांवरून ओढा ओलांडता येत नाही आणि याला ओलांडायची परवानगी नाही. मधे शेळी पाणी पीत होती, एकदा या जिल्ह्यातून, एकदा त्या.

गंगाधरची बायको अनुसया दोन्हीकडे ये-जा करत होती. पलीकडे त्यांच्या खोपीत चुन्याने माखलेले पांडवांचे दगड मांडले होते. पूजेला नवराबायकोने मिळून बसायचं असतं. ती पलीकडे एकटी बसली, हा अलीकडे मातीत बसला, आणि ती ज्या वेळी हळदकुंकू वाही त्या वेळी हा हात जोडी. आजूबाजूच्या शेतातली माणसं बघून न बघितल्यासारखं करत होती.

जेवण मात्र असं की काय सांगू. भज्जी म्हणजे आमच्याकडची कांदाभजी नव्हे. ओल्या तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे दाणे, पालेभाज्या, चुका, सगळं बेसनात रटरटवलेलं. तिच्यात ज्वारीच्या पिठाचे वाफवलेले उंडे कुस्करायचे, वर कच्चं तेल. मातीच्या बिंदगीतली आंबील, गार आणि लसणाची. गव्हाची खीर. मी नांदेडात बसून जेवले, आणि घोंगड्यावरून उठून खिरीसाठी लातुरात आले.

वाटेने जो जाई त्याला हाका होत्या. "ओ पाव्हणं, या की!" "मामा, दोन घास खाऊन जावा!" मोटरसायकल काठावर येऊन थांबली तेव्हा म्हातारीनेच हाक मारली, "ये रे बाबा, स्वेटरवाल्या. बस." आणि तो बसला. चप्पल काढून, मांडी घालून, आंबीलची तारीफ करत व्यवस्थित जेवला. गंगाधरने ओढा ओलांडला तर फोटो काढायला तो आला होता, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. अनुसयाने त्याला दुसऱ्यांदा भज्जी वाढली. मी म्हातारीकडे बघितलं. ती म्हणाली, "येळवशीला वैरी बी रानातनं उपाशी जाऊ नये, माय."

तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून एक वयस्कर माणूस आला. पांढरी टोपी, कपाळाला विभूती, डोक्यावर छोटी दुरडी. एकटाच होता. इतका वेळ चाललेल्या हाका थांबल्या. थांबल्या म्हणजे कशा, सगळ्यांना एकदम ताटातलं काहीतरी शोधावंसं वाटलं. कोणी त्याच्याकडे रागाने बघितलं नाही, कोणी तोंडही फिरवलं नाही. भज्जीत उंडा कुस्करणारी बोटं तेवढी चालू होती. स्वेटरवाल्याला बोलावलेल्या त्या घोंगड्यांच्या रांगेसमोरून तो माणूस चालत गेला.

मग ओढ्याच्या या बाजूने गंगाधरने हाक मारली. "आप्पा! या जेवायला!"

तो माणूस थांबला. दुरडी सावरली. "झालंय माझं, गंगाधर," म्हणाला आणि गेला. अनुसयाच्या हातात वाढायची पळी होती, ती तशीच राहिली. स्वेटरवाला मात्र मजेत खीर ओरपत होता.

"कोण ते?" मी तिला विचारलं.

"दुकानदार," ती म्हणाली.

दिवस कलला तशी माणसं कडब्याच्या पेंढ्या पेटवून शेताला फेरी घालू लागली. याला हेंडगा म्हणतात. पलीकडे सगळ्या रानातून जाळ पळत होते, कानडी वळणाचं काहीतरी एका सुरात ओरडणं चाललं होतं. अलीकडे गंगाधर एकटा पेटती पेंढी घेऊन दुसऱ्याच्या शेताला फेरी घालत होता. त्याचा आवाज कोणाच्यात मिसळत नव्हता.

गाव

मुक्कामाला मी अनुसयाबरोबर पलीकडे गेले. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे कोणी कोणाचं नाव घेत नाही, तर मी कशाला घेऊ? गंगाधरला सगळे ‘पलीकडचे’ म्हणतात. ‘पलीकडच्यांना खोकला हाय म्हणं.’ ‘पलीकडच्यांनी विचारलंय.’ अनुसया तर बायकोच, ती रीतीप्रमाणे नवऱ्याचं नाव आधीही घेत नव्हती. पण आता आईसुद्धा लेकाचं नाव घेत नाही. हुकूम आल्यापासून गाव आवाज न करता बोलायला शिकलंय. दोघं बोलत असले आणि तिसरा आला की बोलणं पावसावर जातं. थंडीत. दोन साक्षीदार गावातले आहेत, एवढं सगळ्यांना माहीत आहे, आणि ते कोण हे माहीत नाही. त्यामुळे तिथे प्रत्येकजण प्रत्येकाशी इतक्या अदबीने वागतो की मला भीती वाटायला लागली.

सकाळी साबण संपला म्हणून मी आपली हापशासमोरच्या दुकानात गेले. कालचे आप्पाच गल्ल्यावर बसलेले. दुकान नीट मांडलेलं, तराजू पुसलेला, बरण्या भरलेल्या. त्यांनी साबण काढला, पंच्याने त्याच्यावरची धूळ पुसली, मग बिस्किटांचा पुडा मागितला तर तोही पुसला. हापशावर बायका पाणी भरत होत्या. मी दुकानात शिरले तेव्हा हापशाचा दांडा थांबला होता, आणि बाहेर पडेपर्यंत थांबलेलाच होता.

"त्यांना सांगा," आप्पा हळूच म्हणाले, "हाक ऐकू आली म्हणावं. लई दिसांनी कोणी बोलावलं."

घरी येऊन मी पुडा म्हातारीपुढे धरला. तिने तो दोन बोटांनी उचलला, दाराशी गेली आणि शेळीपुढे फोडला. मी हेकट बाई आहे, मला असं काही सहन होत नाही. म्हटलं, "आजी, पैसे मी दिलेत, शेळीने नाही."

"त्याच्या घरचं आमाला चालत न्हाई." म्हातारी उंबऱ्यावर टेकली. "हुकूम यायच्या आधी तो स्वेटरवाला गावात आलता. आप्पाच्याच ओट्यावर बसून चहा पेला. बोलून राहिले व्हते दोघं हसत हसत. दुसऱ्या दिवशी बी आला. मग कागद निघाला. आता तूच सांग, कोण असंल?"

"कोणी विचारलं का आप्पांना?"

"विचारायचं काय त्यात? कोणी भांडलं बी न्हाई. उगी जाईनात झाले लोकं." तिने पदराने तोंड पुसलं. "मी त्या दारावरून जाताना थुंकते. देव बघून घील."

दुपारी अनुसया मला गायरान दाखवायला घेऊन गेली. ज्वारी पोटऱ्यात आली होती, कणसं अजून पानांत दडलेली, आणि तिच्यातून लोखंडी खांब उभे होते, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने आकडा. तारेचं कुंपण अर्धंच झालेलं. वारा आला की ज्वारी हलायची आणि खांब जागच्या जागी राहायचे. बाई पिकातून चालताना एकेका खांबाला वळसा घालत होती, अंग लागू नये असा.

एका बांधावर ती बसली आणि मला म्हणाली, "ताई, एक सांगते. तुमी बाहेरच्या हाव म्हणून सांगते. तो ‘अ’ साक्षीदार मी हाय."

मला कळेचना. ती तुरीची शेंग सोलत बोलत राहिली.

"घरकुलाची पाहणी करून राहिलो म्हणला तो स्वेटरवाला. घरी मी एकलीच. आत्याबाई रानात. माणूस घरभर नजर टाकायला लागला. मला वाटलं, एकली बाई बघून ह्याचं धाडस वाढंल. म्हणून म्हणलं, आमच्या घरचे लई कडक हायेत. त्यांच्यापुढं बोलायची कुणाची टाप न्हाई. सारं गाव चळाचळा कापतं. त्यानं नाव विचारलं. मी घेतलं न्हाई. कोण बाई नवऱ्याचं नाव घीती? तो म्हणला, नाव घ्यायची बी भीती वाटती व्हय? मी हसले, म्हणलं व्हय."

दारात परका उभा राहिला की आमच्या गावच्या बायकाही हेच करतात. आत कोणी नसलं तरी ‘अहो’ म्हणून हाक मारतात. मी स्वतः चार वेळा केलंय, आणि माझं तर लग्नही झालेलं नाही.

"कागद आला," ती म्हणाली, "त्यांनी घरात बसून मोठ्यानं वाचला. माझंच बोलणं. शब्दाला शब्द. ‘टाप न्हाई.’ ‘चळाचळा.’ ‘नाव घेण्यासही भिते.’ ‘ब’च्या नावाखाली बी तेच, जरा फिरवून. मी चुलीपुढं बसलेली. वाटलं, भिंतीतनं कोणी माझ्या आवाजात बोलून राहिलंय."

"आणि आप्पा?"

"तवा बोलले न्हाई. मग लोकांनी आप्पाचं नाव काढलं. आज सांगू, उद्या सांगू. त्यांची मंडळी आजारी पडली तर कोणी बघायला गेलं न्हाई, मी बी न्हाई. आता ते दुकान मोडून पोराकडं लातूरला चाललेत, संक्रांतीनंतर. सारा जलम ह्या गावात गेला माणसाचा." शेंगेतले दाणे तिने मातीतच टाकले. "काल आमच्या घरच्यांनी आप्पाला हाक मारली ना, ताई, तवापासून एकच डोक्यात हाय. एकट्यानंच का मारली? त्यांला ठावं हाय."

परत ओढा, परत गाव

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही ओढ्यावर गेलो. सणाचा कचरा पडलेला होता, खोपी वाऱ्याने कलंडल्या होत्या. मोटरसायकल दूर बाभळीखाली उभी होती, तिच्यावर कोणी नव्हतं. तो कुठे आहे ते दिसत नव्हतं, आणि त्याचाच जास्त त्रास होत होता.

अनुसया अर्ध्या ओढ्यात, पाण्यात उभी राहिली. "तुमाला ठावं व्हतं," ती म्हणाली.

गंगाधर लातूरच्या काठावर काडीने दात कोरत उभा होता. त्याने काडी टाकली. "व्हय."

"कवापासनं?"

"वाचला तवापासनं. पंचवीस वर्षं ऐकलंय तुझं बोलणं, मला कळणार न्हाई?"

"अन् आप्पाचं चाललेलं बघत ऱ्हायलाव?"

तो खाली बसला. "तू एकलीच हाईस गावात. मी न्हाई. लोकांनी तुला टाकलं असतं तर कुठं गेली असतीस? आप्पा गडीमाणूस, दुकान हाय, पोरगा लातूरला. सोसतील म्हणलं. वरीस संपलं की मी येतो, मग मीच सांगतो चावडीत."

मला त्या माणसाचा भयंकर राग आला. माझ्या घरातला गाळ उपसणारा, कचेरीपुढे भाकऱ्या वाटणारा हा गंगाधर, आणि याने मनातल्या मनात एका म्हाताऱ्याला बायकोच्या जागी उभं केलं होतं. ओठांवर आलं होतं, पण अनुसयाने मला बोलू दिलं नाही.

"गायरानासाठी सारं गाव बसवलंत," ती म्हणाली. "आप्पाच्या ओट्यावर एकाला बसवता आलं न्हाई." आवाज चढला नव्हता. "मी चालले सांगायला."

"अनसू, थांब. तो तुला सोडायचा न्हाई. बयान फिरवलं म्हणून तुलाच आत घालतील."

ती वळली. गंगाधर उठला आणि पाण्याकडे दोन पावलं आला. कुठून तरी, अगदी जवळून, खोकल्याचा आवाज आला. स्वेटरवाला कलंडलेल्या खोपीच्या आडोशाला बसलेला होता, मोबाइल हातात. गंगाधर जिथल्या तिथे थांबला. त्याच्या पायाच्या बोटांना पाणी लागलं होतं. ती काठ चढून गेली तरी तो तसाच उभा होता, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मला नुसतं रडू आलं.

संध्याकाळच्या पाण्याची वेळ होती, हापशावर रांग होती. अनुसया थेट आप्पांच्या ओट्यावर चढली. आप्पांनी मान वर केली. तिने हळू आवाजात त्यांना सगळं सांगितलं. मी पायरीशी होते, मला ऐकू येत होतं. आप्पांनी तराजूच्या साखळ्या नीट केल्या.

"वैनी," ते म्हणाले, "मला सांगितलंत, बास झालं. बाकी कुणाला सांगू नका. मला सवय झाली आता, अन् मी चाललोच हाय. तुमाला जमायचं न्हाई हे. दिवसभर कोणी बोलत न्हाई ना, तर माणूस बरण्यांशी बोलायला लागतो."

तिने हात जोडले आणि हापशाकडे तोंड केलं.

"बायांनो, ऐका. आप्पानं कागदात काही सांगितलं न्हाई. मी सांगितलं. घरकुलवाला म्हणून आलता, त्याला मी म्हणलं की आमच्या घरच्यांला गाव भितं. आप्पाचा काही गुन्हा न्हाई."

दांड्याची कुरकुर थांबली. घागर काठोकाठ भरली होती, ती कोणी उचलली नाही. मोटरसायकल कधी येऊन थांबली ते मला कळलं नव्हतं. स्वेटरवाला तिच्यावर बसूनच मऊ आवाजात म्हणाला, "जपून, वैनी. दिलेलं बयान फिरवायचं म्हणजे त्याचा बी येगळा गुन्हा व्हतो. तुमाला म्हाताऱ्या सासूला बघायचंय."

"लिवून घ्या की," अनुसया म्हणाली. "तवा चोरून लिवलंत. आता समद्यांपुढं लिवा, माझ्या नावानिशी. ह्यांच्या अपिलाच्या तारखेला बी येऊन हेच सांगणार हाय."

त्याने लिहिलं नाही. तो हसला, मला नमस्कार केला आणि गाडी वळवून गेला. तो गेल्यावर तरी कोणी काही बोलेल असं मला वाटलं होतं. बायांनी एकेक करून घागरी उचलल्या. कोणी अनुसयाकडे बघितलं नाही. परवाच्या बांधावरचं तेच होतं, रागही नाही आणि तोंड फिरवणंही नाही. रस्ता मोकळा झाला. ती ओट्याच्या कडेला बसली आणि आप्पा आत गल्ल्यावर. मीही बसले.

अंधारायला लागलं. आप्पांनी दिवा लावला. आता दुकान बंद करावं की या दोन बायका उठेपर्यंत थांबावं, हे त्यांना ठरवता येत नसावं.

म्हातारी बोळातून आली तेव्हा मी आधी घाबरले. काठी टेकत, वाकून, रस्त्याच्या मधून ती सरळ दुकानाकडे येत होती. कोणीतरी तिला जाऊन सांगितलंच असणार. अनुसया उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. म्हातारी पायरीशी थांबली. सुनेकडे बघितलं. मग दुकानात बघितलं. तिच्या दुसऱ्या हातात तेलाची रिकामी बाटली होती.

"आप्पा," ती म्हणाली, "करडीचं तेल दे रे."

आप्पा उठले. डब्यातून बाटलीत तेल ओतताना थोडं सांडलं, ते त्यांनी पंच्याने पुसून घेतलं. बूच लावून बाटली म्हातारीपुढे धरली. तिने हात पुढे केला नाही.

"तिच्याकडं दे," ती म्हणाली. "सैपाक तिला करायचाय."